तीन नंबरच्या बोअरचं पाणी

पुण्याहून दोन तासांवर, हायवेलगतचा पेट्रोल पंप. जमिनीखालची जुनी टाकी गळत होती, ती काढून वर्ष झालं होतं. भूजलात उतरलेलं पेट्रोल तिथले जीवाणू खातायत की ते नुसतंच पुढे सरकतंय, हे बघायला आम्ही गेलो होतो. मुरमात घेतलेल्या पाच निरीक्षण बोअर आणि एप्रिलचं ऊन.

वरच्या अंगाच्या, म्हणजे पेट्रोल न पोचलेल्या एक नंबरला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 5.6 मिलिग्रॅम आला. टाकीच्या खड्ड्याशेजारच्या तीन नंबरला 4.1. पाण्याला पेट्रोलचा भपकारा, आणि ऑक्सिजन एवढा? पेट्रोल खाताना जीवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट. शेवटी मिथेन सुटतो.

वळून पाहिलं तर आमचा पोरगा बेलर, म्हणजे पाणी काढायची लांब नळी, दोरीने खाली सोडून पाणी बादलीत धबाधबा ओतत होता. मीटर त्यात मिसळलेली हवाच मोजत होता. ओरडणार होतो, पण पाणी उपसायच्या आमच्या छोट्या पंपाची बॅटरी चार्ज करायला विसरलो होतो मी, आणि बेलर काढायला सांगितलं तेही मीच. मुकाट्याने जीपची बॅटरी जोडली. मिनिटाला 200 मिलिलिटर पाणी, हवा न लागू देणाऱ्या बंद सेलमधून, मीटर त्यातच. सलग तीन आकडे जुळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. ऑक्सिजन 0.3.

मग फेरस लोह, म्हणजे जीवाणूंनी लोह वापरलं की पाण्यात विरघळून येणारं लोह. कुपीत ते दाखवणारी पुडी टाकली, पाणी आधी केशरी, मग तांबूस झालं. हे लोह हवा लागली की गंजून तळाशी बसतं, म्हणून बोअरच्या तोंडाशीच मोजायचं. बेंझीनच्या, म्हणजे पेट्रोलमधल्या विषारी घटकाच्या, कुप्या मात्र लॅबसाठी काठोकाठ भरल्या, उलट्या करून बुडबुडा नाही ना ते पाहिलं आणि बर्फात ठेवल्या.

पंपमालक खुश. "म्हणजे आपोआप साफ होतंय! आता खर्च नको." जीवाणू खातायत एवढंच कळलं होतं, किती वेगाने, ते दर तिमाहीला नमुने घेतल्याशिवाय कळत नाही.

खालच्या शेतातले काका कधीचे उभे होते. "विहिरीचं पाणी प्यावं का?"

"नको काका, अजून टँकरचंच प्या." पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तो आकडा लॅबमधून यायचा होता.

त्यांनी कुपी उन्हात धरली. "हा रंग पाण्याचा, का तुमच्या पुडीचा?"

मी एक नंबरच्या पाण्यात तसलीच पुडी टाकून त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ हलवत राहिले. पाणी नितळच राहिलं.