जॉन्स्टन कोण होते आणि जॉन्स्टन कोण होती

लढाऊ जहाजांविषयी वाचताना मला एक खोड जडली आहे. जहाजाची लांबी, तोफा आणि वेग पाहण्याआधी ज्याच्या नावावरून जहाजाचे नाव ठेवले तो माणूस कोण, हे मी आधी शोधतो. अमेरिकी नौदलाच्या बाबतीत ही खोड चांगलीच कामी येते, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे नावे ठेवण्याचा साधारण नेम ठरलेला होता : मोठ्या युद्धनौकांना राज्यांची नावे, क्रूझरना शहरांची, पाणबुड्यांना माशांची आणि विनाशिकांना माणसांची. आता विनाशिका म्हणजे शेकड्यांनी बांधायच्या नौका. एकट्या फ्लेचर वर्गातच, म्हणजे एकाच आराखड्याच्या, १७५ बांधल्या गेल्या. एवढ्यांना पुरतील इतके नामांकित अ‍ॅडमिरल कोणत्याही देशाच्या इतिहासात सापडायचे नाहीत. त्यामुळे जुन्या दप्तरांतून अशीही नावे वर काढावी लागली, की ज्यांची कामगिरी एखाद्या रात्रीची किंवा एखाद्या दुपारची होती आणि जी त्यांच्या नातलगांखेरीज फारशी कोणाच्या स्मरणात उरली नव्हती. जॉन व्हिन्सेंट जॉन्स्टन हे त्यांतलेच एक; ‘जॉन्स्टन’ ही विनाशिका त्यांच्याच नावाची.

जॉन्स्टन सिनसिनाटीचे. अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले त्याच वर्षी, म्हणजे १८६१ मध्ये, ते उत्तरेच्या नौदलात दाखल झाले आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातील नद्यांवर लढणाऱ्या ‘सेंट लुईस’ या चिलखती तोफनौकेवर त्यांची नेमणूक झाली. फेब्रुवारी १८६२ मधल्या फोर्ट हेन्रीवरील हल्ल्यात ही नौका होती. त्यांचे नाव ज्या कामगिरीमुळे टिकले, ती मात्र १ एप्रिल १८६२ च्या रात्रीची. मिसिसिपीच्या एका वळणावर ‘आयलंड नंबर टेन’ नावाचे बेट दक्षिणेच्या ताब्यात होते आणि तेथील तोफांमुळे उत्तरेच्या नौकांना खाली उतरता येत नव्हते. त्या वादळी रात्री निवडक खलाशी आणि शिपाई लहान होड्यांतून प्रवाहासोबत खाली गेले, त्यांनी काठावरच्या पहिल्या मोर्चावर अचानक झडप घातली, तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या निकामी केल्या आणि ते आल्या वाटेने परतले. या होड्यांपैकी एक जॉन्स्टन यांच्या हाताखाली होती. पुढे ‘फॉरेस्ट रोज’ या तोफनौकेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये लुईझियानातील वॉटरप्रूफ या गावी वेढल्या गेलेल्या उत्तरेच्या शिबंदीला त्यांनी नदीतून तोफा डागून वाचवले. इतकी अचूक गोलंदाजी आपण पाहिली नव्हती, अशा अर्थाची पावती त्या शिबंदीच्या अधिकाऱ्याने त्यांना दिली. १९१२ मध्ये ते वारले, तेही सेंट लुईस शहरातच. ज्या नावाच्या नौकेवर त्यांनी पहिली लढाई पाहिली, त्याच नावाच्या गावात.

एवढीच त्यांची कथा. ती कोणी वाचली असती की नाही, याची मला शंकाच आहे. पण त्यांच्यानंतर तीस वर्षांनी सिअ‍ॅटलच्या गोदीत ५५७ क्रमांकाच्या विनाशिकेचा कणा टाकला गेला आणि तिला त्यांचे नाव मिळाले. २५ मार्च १९४३ रोजी तिचे जलावतरण झाले, तेव्हा समारंभाला जॉन्स्टन यांच्या भावंडाची नात होती. २७ ऑक्टोबर १९४३ रोजी, म्हणजे अमेरिकेतील नौदल दिनी, ‘जॉन्स्टन’ सेवेत रुजू झाली.

ती फ्लेचर वर्गातली, म्हणजे सुमारे ११५ मीटर लांबीची आणि साधारण २,०५० टनांची. पाच इंची पाच तोफा, दहा टॉर्पेडो आणि ताशी ३५ सागरी मैलांहून अधिक वेग. चिलखत म्हणावे असे जवळपास नाहीच. अमेरिकी खलाशी विनाशिकेला ‘टिन कॅन’, म्हणजे पत्र्याचा डबा म्हणत, आणि त्यात थट्टा असली तरी खोटे काही नव्हते. वेग हाच तिचा बचाव.

तिचे कप्तान कमांडर अर्नेस्ट एडविन इव्हान्स. ओक्लाहोमातील पॉनी येथे १९०८ मध्ये जन्मलेले, चेरोकी आणि क्रीक या मूलनिवासी वंशांचे; आधी साधे खलाशी म्हणून भरती झालेले आणि तेथून नौदल अकादमीत जाऊन १९३१ मध्ये अधिकारी झालेले. १९४२ च्या फेब्रुवारीत जावा समुद्राच्या लढाईत ‘ऑल्डन’ या जुन्या विनाशिकेवर ते होते. त्या लढाईत मित्रराष्ट्रांचा पराभव झाला आणि अमेरिकी विनाशिकांना टॉर्पेडो सोडून माघार घ्यावी लागली. ‘जॉन्स्टन’ सेवेत घेतली त्या दिवशी इव्हान्स यांनी खलाशांपुढे जे भाषण केले, त्याचा आशय असा होता, की ही लढणारी नौका असणार आहे, मी संकटाच्या वाटेनेच जाणार आहे आणि ज्याला सोबत यायचे नसेल त्याने आत्ताच उतरावे. यातले ‘संकटाच्या वाटेने’ हे शब्द अठराव्या शतकातील जॉन पॉल जोन्स यांच्या एका पत्रातून उचललेले आहेत, हे नौदलात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. समारंभातील भाषणांत अशी वाक्ये पुष्कळ असतात. मी ती फारशी मनावर घेत नाही. येथे मात्र घ्यावी लागतात.

पहिले सात-आठ महिने या नौकेचे आयुष्य इतर विनाशिकांसारखेच गेले. १९४४ च्या आरंभी क्वाजालीन आणि एनिवेटोक बेटांच्या किनाऱ्यांवर तोफांचा मारा, मग सॉलोमन बेटांकडे गस्त आणि पहारा. १६ मे रोजी ‘हॅगर्ड’ आणि ‘फ्रँक्स’ या विनाशिकांसह तिने आय-१७६ ही जपानी पाणबुडी बुडवली. जुलैत ग्वामच्या किनाऱ्यावर मारा. पाणबुडीचा प्रसंग सोडला, तर यात थरारक असे काही नाही. पण याच महिन्यांत तोफखान्याचे अधिकारी रॉबर्ट हेगन यांच्या हाताखालच्या माणसांना एकामागून एक गोळा डागण्याचा सराव झाला आणि पुढे तोच उपयोगी पडला.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाईन्समधील लेटे बेटावर अमेरिकी सैन्य उतरले. समार बेटाच्या पूर्वेला सहा लहान विमानवाहू नौका, तीन विनाशिका आणि चार एस्कॉर्ट नौका, म्हणजे सोबत राहून राखण करणाऱ्या लहान नौका, असा एक ताफा होता. त्याची हाक ‘टॅफी ३’ आणि त्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल क्लिफ्टन स्प्रेग. किनाऱ्यावरच्या सैन्याला विमानांची साथ द्यायची आणि पाणबुड्यांवर नजर ठेवायची, एवढेच त्यांचे काम. जपानी युद्धनौकांशी लढायचे काम अ‍ॅडमिरल हॉल्सी यांच्या बलाढ्य ताफ्याचे होते. पण उत्तरेकडे दिसलेल्या जपानी विमानवाहू नौकांच्या मागे हॉल्सी आपला सगळा ताफा घेऊन गेले. त्या नौका आमिष म्हणूनच पाठवल्या होत्या. सॅन बर्नार्डिनोची सामुद्रधुनी मोकळी राहिली आणि रात्रीतून व्हाइस अ‍ॅडमिरल कुरिता यांचा ताफा तीतून बाहेर पडला : यामातो, नागातो, कोंगो आणि हारुना या चार युद्धनौका, सहा जड क्रूझर, दोन हलक्या क्रूझर आणि अकरा विनाशिका.

२५ ऑक्टोबरच्या सकाळी सात वाजण्याच्या सुमारास यामातोच्या तोफा सुरू झाल्या. या तोफांचे तोंड ४६ सेंटिमीटरचे आणि एकेक गोळा सुमारे दीड टनाचा. स्प्रेग यांनी विमानवाहू नौका वळवून धूम ठोकली आणि धुराचे पडदे उभारायला सांगितले. ‘जॉन्स्टन’ शत्रूच्या सर्वांत जवळ होती. विनाशिकांनी टॉर्पेडो हल्ला करावा हा स्प्रेग यांचा हुकूम निघण्यापूर्वीच इव्हान्स यांनी सुकाणू शत्रूकडे फिरवायला सांगितले होते.

त्या अंतराचा हिशोब समजून घ्यायला हवा. जपानी मोठ्या तोफा वीस मैलांवरून मारा करू शकत होत्या. ‘जॉन्स्टन’च्या पाच इंची तोफांचा पल्ला सुमारे १८,००० यार्ड, आणि टॉर्पेडो नीट लागायचा तर त्याहूनही जवळ जायला हवे. म्हणजे पहिला कित्येक मैलांचा पल्ला तिला एकही गोळा न डागता, नुसते नागमोडी पळत आणि पाण्याचे खांब चुकवत काटायचा होता. टप्प्यात येताच हेगन यांनी ‘कुमानो’ या जड क्रूझरवर मारा सुरू केला आणि पाचेक मिनिटांत दोनशेहून अधिक गोळे डागले. मग सुमारे १०,००० यार्डांवरून दहाही टॉर्पेडो सोडून नौका आपल्याच धुरात परत फिरली. ती धुराबाहेर आली तेव्हा कुमानोचे नाक उडालेले होते. ती क्रूझर लढाईतून बाद झाली.

साडेसातच्या सुमारास ‘जॉन्स्टन’वर तीन मोठे आणि लगोलग तीन लहान गोळे आदळले. भरधाव ट्रकने कुत्र्याच्या पिल्लाला उडवावे तसे झाले, असे हेगन यांनी नंतर लिहिले. मोठे गोळे १४ इंची होते, असे बरीच वर्षे मानले जात होते. अलीकडचे अभ्यासक ते यामातोचेच होते असे म्हणतात. काहीही असो, मागचे बॉयलर आणि एक इंजिन गेले, वेग निम्म्यावर, १७ सागरी मैलांवर आला, मागच्या तीन तोफांची वीज तुटली, सुकाणूची यंत्रणा बंद पडली. इव्हान्स यांच्या अंगावरचा शर्ट फाटून उडाला आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. नशिबाने तेवढ्यात पावसाची एक सर आडवी आली. दहा मिनिटे तिच्या आडोशाला काढून माणसांनी जमेल तेवढी डागडुजी केली.

येथवर कामगिरी संपली असती, तरी तिला कोणी बोल लावला नसता. टॉर्पेडो संपलेले, वेग गेलेला. पण ‘टॅफी ३’मधल्याच ‘होएल’, ‘हीरमन’ आणि लहानगी ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ टॉर्पेडो हल्ल्याला निघालेल्या दिसताच इव्हान्स त्यांच्या पाठीमागे तोफांचे पाठबळ द्यायला पुन्हा वळले. धुरात ‘हीरमन’शी टक्कर होता होता राहिली. कोंगो ही युद्धनौका समोर दिसली, तेव्हा तिच्यावरही तीसेक गोळे टाकून झाले. ‘गॅम्बिए बे’ ही विमानवाहू नौका एका क्रूझरच्या माऱ्यात सापडलेली पाहून इव्हान्स यांनी हेगन यांना त्या क्रूझरवर मारा करून तिचे लक्ष आपल्याकडे ओढून घ्यायला सांगितले. मग ‘याहागी’ ही हलकी क्रूझर विनाशिका घेऊन विमानवाहू नौकांवर टॉर्पेडो सोडायला येताना दिसली, तेव्हा ही अर्धमेली नौका त्यांच्या वाटेत गेली. त्यांनी घाईघाईत, फार लांबून टॉर्पेडो सोडले आणि ते वाया गेले.

शेवटचा तास मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात नुसती हाताची मेहनत उरली आहे. ब्रिजवर, म्हणजे नौका हाकण्याच्या उंच जागी, उभे राहता येईना, म्हणून इव्हान्स नौकेच्या मागच्या टोकाला गेले आणि डेकवरच्या उघड्या झडपेतून खाली ओरडून हुकूम देऊ लागले. खाली खलाशी अंगच्या जोराने सुकाणू फिरवत होते. यंत्रांनी वळणारी ही नौका शेवटी नुसत्या हाकांवर चालवली गेली.

उरलेले इंजिनही बंद पडले, तेव्हा जपानी विनाशिकांनी तिला घेरले. पावणेदहाला नौका सोडण्याचा हुकूम झाला आणि दहा वाजून दहा मिनिटांनी ती उलटून बुडाली. ती बुडताना एका जपानी विनाशिकेच्या कप्तानाने सलाम केला, असे वाचलेल्या खलाशांच्या आठवणींत आहे. तोवर कुरिता यांनी लढाई थांबवून परत फिरायचे ठरवले होते. आपल्यासमोर मोठ्या विमानवाहू नौकांचा ताफा आहे असा त्यांचा समज झाला होता आणि या लहान नौकांच्या आवेशाचा त्यात वाटा होता, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे.

पुढचे दोन दिवस मात्र कोणत्याही पदकाने भरून निघण्यासारखे नाहीत. बचावपथकांना चुकीची जागा कळवली गेली आणि माणसे तराफ्यांवर, तेल आणि शार्कांच्या पाण्यात, सुमारे पन्नास तास तरंगत राहिली. ३२७ पैकी १४१ वाचले. १८६ मृतांपैकी सुमारे ५० जण प्रत्यक्ष माऱ्यात गेले आणि ४५ तराफ्यांवर जखमांनी. ९२ जण नौकेवरून जिवंत उतरले, पण पुन्हा कोणाला दिसले नाहीत. त्यांत इव्हान्स होते. त्यांना मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. त्या सकाळच्या ताफ्याला राष्ट्राध्यक्षांचे सामूहिक गौरवपत्र मिळाले. सेवेत रुजू झाल्याला वर्ष पुरे व्हायला नौकेला दोन दिवस कमी पडले होते.

नावाची गोष्ट येथून पुढे दोन फाट्यांनी जाते. १९४६ मध्ये गिअरिंग वर्गातील नवी ‘जॉन्स्टन’ विनाशिका सेवेत आली आणि ती १९८१ मध्ये तैवानला दिली जाईपर्यंत चालली. दुसरीकडे कप्तान स्वतःच नाव झाले : १९५७ मध्ये ‘इव्हान्स’ नावाची एस्कॉर्ट नौका सेवेत आली. गंमत अशी, की महायुद्धात याच फ्लेचर वर्गात ‘इव्हान्स’ नावाची एक विनाशिका होती, पण ती रोब्ली इव्हान्स या दुसऱ्याच अ‍ॅडमिरलच्या नावाची; त्यामुळे जुन्या नोंदी चाळताना चांगलाच घोळ होतो. २०२३ मध्ये एका नव्या, १४१ क्रमांकाच्या विनाशिकेला ‘अर्नेस्ट ई. इव्हान्स’ असे पूर्ण नाव देण्याची घोषणा झाली, तेव्हा हा घोळ मिटला.

२०१९ मध्ये ‘पेट्रेल’ या शोधनौकेला समारजवळ समुद्रतळाशी एका फ्लेचर वर्गाच्या नौकेचे तुकडे सापडले, पण ते ‘जॉन्स्टन’चे की ‘होएल’चे हे ठरेना. मार्च २०२१ मध्ये खोल समुद्राचे शोधक व्हिक्टर व्हेस्कोवो आपल्या पाणबुडीतून आणखी खोल, ६,४५६ मीटरवर उतरले. तेथे नौकेचा पुढचा दोनतृतीयांश भाग ताठ उभा होता आणि नाकाच्या दोन्ही अंगांना ५५७ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. पुढच्या दोन तोफा आपापल्या जागी आहेत. त्यांची तोंडे त्या सकाळी ती शेवटपर्यंत जिकडे मारा करत होती, त्याच बाजूला वळलेली आहेत.