एकाच घरात तीन उंच्या: स्लॅबच्या आधी आम्ही काय काय ठरवलं (माझा अनुभव)

लातूर जिल्ह्यातल्या औशात आमचं घर झालं आणि जो येईल तो हॉलमधे वर बघून एकच विचारतोय, उंची किती ठेवलात आणि मग बाकीच्या खोल्यांना तेवढीच का नाही ठेवली. म्हणून सगळं एकदा लिहून काढायलोय, ज्यांचं काम अजून जोत्यावर आहे त्यांच्या कामाला येईल, कारण एकदा कॉलम भरले की उंचीचं काही आपल्या हातात राहत नाही.

सुरुवातीला घरात सगळ्यांचं मत एकच होतं, पूर्ण घर १२ फूट करू, उंच घर गार राहतं. आर्किटेक्ट मॅडमनी घरातल्या थोरल्या अण्णांना विचारलं, गावाकडचं माळवद (मातीच्या छताचं जुनं घर) किती उंच होतं? अण्णा म्हणले, हात वर केला की तुळईला लागायचा. मग ते गार कशानं होतं? तर दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. सिमेंटचा ५ इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपासून ती उष्णता घरात सोडत बसतो, त्याला १० वरून १२ फुटावर नेला तरी तो तापायचा तेवढाच तापणार, खाली फरक लई थोडा पडतो. मॅडमचं म्हणणं असं की गारव्यासाठी पैसा स्लॅबच्या वर घाला, म्हणजे वीटतुकड्याचा कोबा (चुन्या-सिमेंटात ठोकून केलेला जाड थर) आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), आणि जास्तीची उंची फक्त तिथंच द्या जिथं वर साचलेली गरम हवा बाहेर काढता येईल. हे मला एकदम पटलं आणि पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीवर ठरत गेलं.

नियम सांगतो. राहायच्या खोलीला कमीत कमी २.७५ मीटर म्हणजे ९ फूट लागतात, एसी असेल तर २.४ मीटर चालतं, आणि आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत वरची मर्यादा ४.२ मीटर आहे. १४ फूट केलं असतं तर ती ओलांडली असती, म्हणून हॉल १३ फूट. किचन आणि दोन्ही बेडरूम १० फूट. बाथरूम ८ फूट, त्याच्यावर माळा, त्यात गाद्या, कुलर, मोठी पातेली सगळं जातंय. ही सगळी मापं फरशी झाल्यावरची बरं का. नकाशावर नुसतं १० फूट लिहिलं आणि मिस्त्रींनी ते खालच्या काँक्रीटपासून धरलं की भर, मसाला, फरशी ह्यात ३ इंच सहज जातात, वरून गिलावा. आम्ही सगळ्या कॉलमवर फरशीची लेव्हल पाणलेव्हलनं मारून तिथं लाल खूण केली आणि त्या खुणेपासूनच वर मोजायचं असं गुत्तेदाराला सांगून टाकलं. बीम पण विसरायचा नाही, तो स्लॅबच्या खाली १० इंच तरी उतरतो, दाराच्या वर किंवा जिन्याखाली कुठं येतोय ते आधीच बघून घ्या.

हॉल दक्षिणेला आणि खोल्या उत्तरेला आहेत. त्यामुळं दोन स्लॅबच्या मधला जो ३ फुटाचा उभा पट्टा उरतो त्याचं तोंड उत्तरेला येतं, तिथं चार उघडझाप होणारे झरोके ठेवलेत, दोरीनं खालून उघडतात, बाहेरून बारीक जाळी (पारव्यांचा लई त्रास असतो) आणि वर दीड फुटाचा चज्जा. उत्तरेकडून ऊन फारसं घुसत नाही, उजेड मात्र दिवसभर येतो. मे महिन्यात कुलर लावला आणि झरोके उघडले की पाच-दहा मिनिटात फरक कळतोय. कुलरला आतली हवा बाहेर जायला वाट लागतेच, नाहीतर नुसता दमटपणा.

आता अण्णांचं. ते किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला आणि दगडाच्या भिंती, माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून डोक्यावर काही उंच, जड म्हणलं की अण्णा गप्प होतात. दोन लेव्हलचा स्लॅब ऐकून ते म्हणले, "बाळा, एका रेषेत टाक की रे, कशाला हे खालवर." मी त्यांची समजूत घालायच्या फंदात पडलो नाही, त्यांनाच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं घेऊन गेलो, कारण प्रश्न अगदी बरोबर होता.

इंजिनिअर साहेबांनी पण तेच सांगितलं, की दोन लेव्हल म्हणलं की मधे कॉलमचा आखूड तुकडा तयार होतो आणि भूकंपात जोखीम तिथंच असते. लांब कॉलम थोडा लवतो, आखूड लवत नाही, हादऱ्याचा जास्त जोर स्वतःवर ओढून घेतो आणि तिरप्या भेगा पडून फुटतो. म्हणून त्या ३ फुटाच्या तुकड्यात खालपासून वरपर्यंत रिंगा (उभ्या गजांना आवळून धरणाऱ्या लोखंडी कड्या) ४-४ इंचावर, मधे कुठंही अंतर वाढवायचं नाही. आणि १० फुटाच्या लेव्हलचा बीम हॉलच्या चारी बाजूनं फिरवून बांधून घ्यायचा. लोखंड बांधायच्या दिवशी अण्णा टेप घेऊन स्वतः वर चढले. पोरांनी रिंगांची टोकं नुसती काटकोनात वाकवली होती, अण्णांनी साहेबांना फोन लावला आणि साहेबांनी येऊन सगळी उघडायला लावली. टोक १३५ अंशात वळून कॉलमच्या पोटात गेलं पाहिजे, काटकोनातलं टोक हादऱ्यात उघडतं, रिंग सुटते आणि उभे गज बाहेर फुगतात. आयएस १३९२० मधे, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, हे स्पष्ट आहे. एका कॉलमच्या रिंगा तर अण्णांनी पक्कड घेऊन मिस्त्रीमामांच्या बरोबरीनं वाकवल्या. त्यानंतर उंचीवरून त्यांनी एक शब्द काढला नाही.

खर्च वाढतो, हे सांगितलंच पाहिजे. १३ फुटाला साधे टेकू पुरत नाहीत, सेंट्रिंगवाला वेगळा रेट लावतो, स्लॅब दोनदा टाकावा लागतो म्हणजे मिक्सर आणि लेबर दोनदा, परांची गिलाव्याला परत आणि रंगाला परत. पण पूर्ण घर १२ फूट करण्यापेक्षा हे आम्हाला परवडलं, कारण जास्तीची भिंत फक्त हॉललाच लागली.

जिना खालच्या स्लॅबवर काढला. १० फूट आणि स्लॅबची जाडी धरून साधारण १२६ इंच, ६ इंचाच्या २१ पायऱ्या. हॉलच्या छतावर काढला असता तर २७ झाल्या असत्या आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. गच्चीवर हॉलचा भाग ३ फूट उंच ओट्यावानी दिसतो, उन्हाळ्यात कुरडया-पापड तिथं वाळतात. टाकी पण तिथंच घेतली, नळाला जोर येतोय. ओटा आणि खालची गच्ची जिथं भेटतात तो कोपरा फार जपायचा, कोबा भिंतीवर फूटभर वर चढवून गोलाई करून घ्या, आणि झरोक्याची कड त्याच्याही वर ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात आम्ही बॅटरी घेऊन तेवढंच बघत होतो, थेंब आला नाही.

हॉलच्या पंख्याला ४ फुटाचा रॉड लागला, पाती जमिनीपासून ९ फुटाच्या आत आली तरच वारा लागतो. हुक स्लॅबमधेच सोडून घ्या आणि रॉड ओळंब्यात आहे का बघा, जरा तिरपा असला की पंखा डुलतो. दिवे ८ फुटावर भिंतीला लावले, बल्ब बदलायला घोडा नको. हॉल रिकामा होता तेव्हा आवाज घुमायचा, जाड पडदे आणि सतरंज्या आल्यावर बराच कमी झाला. एसी फक्त बेडरूमला, कारण १२ बाय ११ ची खोली १० फुटाला १३२० घनफूट होते आणि १३ फुटाला १७१६, ती जास्तीची हवा थंड करायचं बिल दर महिन्याला आपणच भरणार. सगळ्या दारा-खिडक्यांचं लिंटल (वरची आडवी काँक्रीट पट्टी) मात्र घरभर ७ फुटावरच, उंची बदलली तरी ती रेष बदलू दिली नाही, त्यामुळं हॉलमधून किचनमधे जाताना काही खटकत नाही.

वरची एक खोली दिवाळीनंतर काढायची आहे, ती बेडरूमच्या बाजूनंच आणि १० फुटाचीच. झरोके आहेत तेवढी जागा सोडून भिंत मागं घेणार. कॉलमचे गज वर सोडलेत, गंजू नयेत म्हणून सिमेंटची स्लरी मारून ठेवलीय.