टेक्सासहून स्टीमबोटला: स्की क्लबांच्या परिषदेबरोबर एक आठवडा

डॅलसच्या आसपास स्की करण्याजोगा एकही डोंगर नाही, पण स्की क्लब आहेत आणि ते चांगले नांदते आहेत. मला याचं आधी नवल वाटलं, मग कारण कळलं. ज्यांच्या घरामागे डोंगर आहे ते सकाळी उठून गाडी काढतात आणि निघतात. आम्हा सपाट मुलखातल्या लोकांना विमान, बस, खोल्या, डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टची तिकिटं असं सगळं महिनोन्महिने आधी जुळवावं लागतं. एकट्याने करायचं म्हटलं तर जीव मेटाकुटीला येतो. चाळीस जणांनी मिळून केलं की सोपंही जातं आणि स्वस्तही पडतं.

अशा क्लबांची मिळून प्रादेशिक परिषद असते. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. १९०५ मध्ये मिशिगनमधल्या इशपेमिंग गावी स्की क्लबांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पश्चिमेकडच्या क्लबांना जोडणारी फार वेस्ट स्की असोसिएशन १९३० पासून चालत आली आहे. आमच्याकडे क्लबाची वर्गणी भरली की परिषदेच्या सहलींची दारं आपोआप उघडतात. जानेवारीच्या शेवटी परिषदेची मोठी सहल कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जला गेली, तिच्याबरोबर मी गेले. वय बावन्न, आणि त्याआधी आयुष्यात एकूण चार दिवस स्की केलेलं. परत आल्यापासून ओळखीच्या कितीतरी जणी विचारताहेत, "अगं, मला जमेल का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

नोंदणीपासूनच सुरुवात करते, कारण निम्मे लोक तिथेच मागे राहतात. जानेवारीच्या सहलीची नोंदणी आमच्याकडे उन्हाळ्यात सुरू होते. डॅलसमध्ये अंगाची लाही होत असताना बर्फाचा विचार मनात येत नाही, आणि म्हणून लोक दिवाळीनंतर जागे होतात. तोवर खोल्या भरलेल्या असतात. अनामत भरून नाव लावून ठेवा. जागा भरल्या असतील तरी प्रतीक्षायादीत नाव द्या, कारण गुडघा दुखावल्यामुळे, नोकरी बदलल्यामुळे दोन-चार जण दरवर्षी गळतातच. पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख मात्र कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. ती उलटली की क्लबालाही हॉटेलकडून पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे तिथे कुणी मनात असूनही सूट देऊ शकत नाही.

लिफ्टच्या तिकिटाचं गणित वेगळं समजून घ्यायला हवं. भर हंगामात स्टीमबोटच्या खिडकीवर एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या वर जातं. गटाचा दर त्याहून पुष्कळ कमी असतो. पण आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आयकॉन पास, म्हणजे अनेक स्की डोंगरांवर चालणारा हंगामी पास होता, आणि तो स्टीमबोटला चालतो. हा पास वसंतात सर्वांत स्वस्त असतो आणि हिवाळा जवळ येईल तसा महागत जातो. पास असेल तर क्लबाला तसं सांगा म्हणजे तिकीट वगळून पैसे घेतात. वर्षात एकच सहल करणार असाल आणि हिरव्या, म्हणजे सोप्या उतारांवरच राहणार असाल, तर पास घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. मी गटाचं तिकीट घेतलं आणि तेच मला परवडलं.

सहलीचा प्रमुख हा पगारी माणूस नसतो, हे मला फार उशिरा कळलं. तो आपल्यासारखाच सभासद. स्वतःची नोकरी सांभाळून खोल्यांच्या जोड्या लावतो, कोण घोरतं याची नोंद ठेवतो, बसमध्ये डोकी मोजतो. त्याला फोन करताना हे लक्षात असू द्या. आणि जे खरं आहे ते त्याला आधीच सांगा: शाकाहारी आहात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, रात्री उठावं लागतं म्हणून खालचा पलंग हवा. माझ्या खोलीत त्याने चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंना दिलं. सहलीतलं माझं सर्वांत मोठं भाग्य तेच.

स्टीमबोटचा विमानतळ गावापासून पंचवीसेक मैलांवर, हेडन इथे आहे. डेन्वरहून रस्त्याने यायचं तर साधारण तीन तास लागतात आणि रॅबिट इअर्स ही साडेनऊ हजार फुटांच्या आसपासची खिंड ओलांडावी लागते. बर्फ पडत असेल तर ती आमच्यासारख्यांनी भाड्याच्या गाडीने ओलांडायची जागा नव्हे. गावात आलात की गाडीचं कामही उरत नाही, कारण गावातली बस फुकट आहे.

उंचीकडे दुर्लक्ष करू नका. डॅलस समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे फुटांवर. स्टीमबोट गावच पावणेसात हजार फुटांच्या जवळ, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तेराशे फूट वर, आणि जिथे स्की करायचं त्या माउंट वर्नर डोंगराचा माथा १०,५६८ फूट. पहिल्या रात्री माझं डोकं ठणकलं, झोप तुटक लागली. दुसऱ्या दिवशी उतरलं. पहिले दोन दिवस घोट घोट पाणी पीत राहा, दारू टाळा, पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच स्की करा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होऊ लागल्या किंवा बसल्या जागी धाप लागली तर कुणालातरी लगेच सांगा, सहन करत बसू नका. आणखी एक, स्वयंपाक करणाऱ्यांसाठी: त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. मी लहान कुकर बॅगेत नेला होता, म्हणून आमच्या मजल्यावर एका संध्याकाळी बारा जणांनी मुगाची खिचडी खाल्ली.

आता बूट. यावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण नव्या माणसाची सहल बुटांवरच उभी असते. भाड्याच्या दुकानात गर्दी होती. दुकानातल्या मुलाने दिलेला बूट घट्ट वाटला, मी तसं म्हटलं, त्याने मोठा आणून दिला. पायाला आराम पडला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नडगी सोलवटलेली आणि डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. स्की वळवायला जावं तर पाय बुटातच फिरायचा. माझ्या खोलीतल्या बाईंनी पाय पाहिला आणि सकाळी सातला मला दुकानात परत नेलं. त्यांनी बुटातलं मऊ अस्तर उपसून बाहेर काढलं, मला पाय नुसत्या कडक कवचात घालायला लावला, बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेच्या मागे स्वतःची बोटं घालून जागा मोजली. दोन बोटं बसली तर ठीक. माझ्या बुटात चार बसली. दोन मापं लहान बूट दिला गेला. सरळ उभं राहिलं की पायाची बोटं पुढे टेकायची, गुडघे वाकवून पुढे झुकलं की हलकेच मागे सरायची. बूट असाच असायला हवा. वरचे बक्कल घट्ट, खालचे सैलसर. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. आतली गरम पँट बुटात अजिबात खोचायची नाही, तिची एक घडी दिवसभर नडगी कापत राहते.

दुकानातल्या अर्जात वजन, उंची, वय आणि कसब विचारतात. लाजून वजन कमी सांगू नका. पडल्यावर स्कीने बूट कधी सोडायचा हे त्या आकड्यांवरून ठरतं. पन्नाशीच्या पुढे ती पकड थोडी सैल ठेवतात, म्हणून वयही खरं सांगा. चुकीच्या आकड्याची शिक्षा गुडघ्याला होते.

पहिल्या सकाळी परिषदेने सगळ्यांचे गट पाडले. उतारांच्या खुणा अशा: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. ज्यांनी सह्याद्रीत ट्रेक केले आहेत त्यांना 'लीड' आणि 'स्वीप' हे शब्द ठाऊक असतीलच. इथे अगदी तसंच. पुढे एक जाणता, सर्वांत मागे एक जाणता, आणि मधे आम्ही. स्टीमबोटला नव्यांसाठी डोंगराच्या मध्यावर ग्रीनहॉर्न रँच नावाचा वेगळा भाग आहे. वाइल्ड ब्लू नावाच्या गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, थेट तिथे जाता येतं. उतार इतके हलके की वेग स्वतःहून थांबतो. तिथे पहिले दोन दिवस शिकवणी घ्या, आणि ती पगारी प्रशिक्षकाकडूनच घ्या. क्लबातले लोक प्रेमाने शिकवायला तयार असतात, पण नवरा आणि मैत्रीण यांच्याकडून गाडी शिकू नये तसंच हेही.

तिसऱ्या दिवशी मी व्हाय नॉट नावाच्या उतारावरून पार पायथ्यापर्यंत आले. हिरवाच, पण मैलोन्मैल वळणं घेत जाणारा. वाटेत एका वळणावर मांड्या थरथरायला लागल्या आणि मी कडेला उभी राहिले. गट पुढे निघून गेला. मागचे सत्तरीचे गृहस्थ मात्र माझ्या खालच्या अंगाला येऊन थांबले. काही बोलले नाहीत, घाई केली नाही, चष्मा पुसत उभे राहिले. पाच-सात मिनिटांनी मी निघाले तेव्हा तेही निघाले. क्लबाचे फायदे विचारतात तेव्हा लोकांच्या मनात सवलत असते. मला तो चष्मा पुसणारा माणूस आठवतो. सवलत आता ॲपवरही मिळते.

उतारावर पाळायचा एक नियम तेवढा पक्का ध्यानात ठेवा: तुमच्या पुढे, म्हणजे खाली जो आहे त्याचा हक्क पहिला. त्याला चुकवणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी. थांबायचं तर कडेला, आणि वरून दिसेल अशा जागी. निघताना आधी वर बघायचं.

चौथा दिवस शर्यतीचा. ती नास्टार पद्धतीची असते. १९६८ पासून अमेरिकेत चालू असलेल्या या पद्धतीत तुमची वेळ एका प्रमाण वेळेशी ताडून बघतात आणि पदकं वय व लिंगाप्रमाणे गट करून देतात. त्यामुळे पंचविशीतला मुलगा आणि सत्तरीतली आजी एकाच मार्गावर उतरतात आणि दोघांना पदकाची संधी असते. खोलीतल्या बाईंना त्यांच्या गटात सुवर्ण मिळालं. गुण क्लबाच्या खात्यात जातात, म्हणून सगळा क्लब खाली उभा राहून घसा फुटेपर्यंत ओरडत होता. त्याच संध्याकाळी परिषदेने लिलाव करून अपंगांच्या स्की उपक्रमासाठी निधी जमवला. त्याचं मोल मला सकाळीच कळलं होतं. लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण एकाच स्कीवर बसवलेल्या खुर्चीत होता. चेअरलिफ्ट मागून आली तशी त्याने एका झटक्यात खुर्ची उचलली, हातांवर अंग तोललं आणि बरोबर बाकावर जाऊन बसला. वरून तो निळ्या उतारावर माझ्या दुप्पट वेगाने गेला.

पाचव्या दिवशी पायांना सुट्टी दिली आणि गावात फिरले. नदीपलीकडे हाउलसन हिल दिसतो. कार्ल हाउलसन या नॉर्वेजियन माणसाने या गावाला स्कीचं वेड लावलं आणि १९१५ पासून हा छोटा डोंगर चालू आहे. त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेला विंटर कार्निव्हल अजून फेब्रुवारीत भरतो, मुख्य रस्त्यावर बर्फ पसरून घोड्यांमागे स्की करणारी मुलं पळवतात. माउंट वर्नर हे नाव याच गावच्या बडी वर्नरचं. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची उतारशर्यत १९५९ मध्ये जिंकणारा तो पहिला अमेरिकन. १९६४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हिमलोटात सापडून तो गेला, तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता. गावकऱ्यांनी आपल्या डोंगरालाच त्याचं नाव दिलं. हे वाचून वर जाताना डोंगर निराळा वाटतो.

ज्यांना स्की करायचंच नाही त्यांनीही सहलीला यावं. बर्फावर चालायचे जाळीदार बूट मिळतात, उन्हात ॲस्पेनच्या पांढऱ्या खोडांमधून हिंडता येतं. स्ट्रॉबेरी पार्कची गरम पाण्याची कुंडं सुरेख आहेत, पण हिवाळ्यात तिथला रस्ता चारही चाकांना जोर असलेल्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीशिवाय होत नाही, ठरवून दिलेल्या शटलनेच जा. अंधार पडल्यावर तिथे मुलांना प्रवेश नसतो आणि कपड्यांची सक्तीही नसते, म्हणून घरच्यांबरोबर जाणाऱ्यांनी दुपारची वेळ गाठावी.

विम्याचं शेवटी लिहिते, पण करायचं ते पहिलं. डोंगरावर पडलात तर स्की पेट्रोलचे, म्हणजे डोंगरावरच्या बचावपथकाचे लोक स्लेजवरून खाली आणतात, त्याचे सहसा पैसे घेत नाहीत. खाली आल्यावर ॲम्ब्युलन्स आणि रुग्णालयाचं बिल सुरू होतं. तुमचा आरोग्यविमा राज्याबाहेर किती चालतो ते निघण्याआधी फोन करून विचारा. भारतातून आलेल्या आईवडिलांना किंवा भावाला बरोबर नेत असाल तर त्यांच्या प्रवासविम्यात स्की वगळलेलं नाही ना, हे बारीक अक्षरांत शोधा. मुलांना न्यायचं असेल तर क्लबाला आधी विचारा, बरेच क्लब फक्त प्रौढांसाठी असतात.

निघायच्या दिवशी बसमध्ये प्रमुखाने पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकांची यादी फिरवली. पहिल्या दिवशी हिरव्या गटाच्या मागे राहायला मी नाव लिहिलं. तोपर्यंत निळ्या उतारावर नीट थांबता यायला हवं, म्हणून मार्चमध्ये न्यू मेक्सिकोची छोटी सहल धरली आहे. या वेळी बूट स्वतःचे घेतले आहेत, टाचेमागे दोन बोटं मोजून.