उसाच्या ट्रॉलीमागून: कराड ते हरिपूर, कृष्णाकाठच्या आडवाटांनी

कराडहून सांगलीला जायचं तर हायवेने पेठनाका, आष्टा करत माणूस दोनेक तासांत पोचतो. आम्ही हाच पल्ला नदीच्या डाव्या अंगाने, शेणोली, ताकारी, देवराष्ट्रे, कुंडल, पलूस, भिलवडी, तासगाव असा वळसे घेत, मुक्काम करत केला. मी आणि माझा आतेभाऊ, एक जुनी मोटारसायकल, आणि संक्रांत नुकतीच उलटलेली.

हिवाळ्यात खेडी निवांत असतात असं शहरातल्या माणसाला वाटतं. कृष्णाकाठी नेमकं उलटं असतं. ऊस तोडायचा, गूळ करायचा, शाळू (रब्बी ज्वारी) राखायचा, द्राक्षं उतरवायची, हळद काढायची, सगळं याच दोन-तीन महिन्यांत येतं. त्यामुळे या भागात ठिकाणांची यादी घेऊन निघण्यात अर्थ नाही. कुठं कुठलं काम कितीला चालू होतं, हे बघून निघायचं.

कराडला प्रीतिसंगमावर सकाळी लवकर जा. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भिडतात आणि जानेवारीत पाण्यावरचं धुकं आठ-साडेआठपर्यंत हलत नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच आहे. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे पुढं याच वाटेवर लागतं. चहा घेऊन कार्वे, वडगाव हवेली करत शेणोलीकडे निघालो.

इथून उसाची वाहतूक सुरू होते आणि पहिली सूचनाही इथलीच. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतो. या काळात रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा असतो, आपण पाहुणे. मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर मोळ्यांचा डोंगर, ड्रायव्हरच्या कानाशी फुल्ल आवाजात गाणी. तुमचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. चढावर पुढची चाकं उचलली जातात, वळणावर मागची ट्रॉली अर्धा रस्ता खाते, आणि वरून एखादा ऊस कधी निसटेल याचा नेम नाही. अंतर ठेवून मागं राहायचं आणि समोरचं स्पष्ट दिसलं तरच काढायची. अंधार पडल्यावर मात्र या रस्त्यांवर दुचाकी घालूच नका. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने माखलेला. बैलगाड्याही पहाटे नि रात्री ओळीने चाललेल्या असतात.

गावाबाहेरच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, दिसतात. बहुतेक टोळ्या बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या. नवरा-बायकोच्या जोडीला इथं एक कोयता म्हणतात आणि मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते ती जोडीवर. बायका पहाटे चारच्या सुमाराला उठून भाकऱ्या थापतात, उजाडायच्या आत फडात असतात, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढतात. कॅमेरा घेऊन कोप्यांत शिरणारे हौशी लोक मी पाहिलेत. ते त्यांचं घर आहे, बघायची वस्तू नव्हे. फडाच्या कडेला उभं राहून बोलता येतं, तेही ते वाढे बांधायला टेकले की. हे हिरवे शेंडे ते जनावरांसाठी पेंढ्या बांधून विकतात, तेवढीच वरकड मिळकत.

शेणोलीच्या अलीकडं धूर दिसला म्हणून गुऱ्हाळावर वळलो आणि दुपार तिथंच गेली. चरकातून रस निघतो, हौदातून काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, येतो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं घालणारा माणूस तासन् तास एकाच लयीत हात चालवतो. जाळ कमी झाला तर गूळ बिघडतो, जास्त झाला तर करपतो. रस तापला की रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहायची. काहिलीभर रसाच्या एका आधणाला दोन-अडीच तास सहज लागतात. आम्ही काहिलीवर वाकलो तसा गूळ करणारा गुळव्या म्हणाला, "पावणं, लांब सरा, उकळी उडती." वय साठीचं, कपाळाला मफलर, हाताला जुने भाजल्याचे डाग. शेवटी शेवटी तो घडीघडी थोडा पाक उचलून गार पाण्यात सोडायचा आणि बोटांनी वळून बघायचा. गोळी मऊ राहिली की मान हलवायचा. मग एकदा ती गोळी त्याने परातीच्या काठावर टाकली, टण्णकन आवाज आला, आणि लगेच आरोळी. चौघांनी काहिली ओढून वाफ्यात रिकामी केली. फावड्यासारख्या लाकडी हत्याराने गूळ घोटला जात होता तेव्हा रंग तांबूस होता, डोळ्यांदेखत फिकट होत गेला. थर्मामीटर होता भिंतीला टांगलेला. साधारण 118 अंशांना उतरवतात, पण गुळव्याने तिकडं एकदाही पाहिलं नाही.

काकवी, म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक, हवी असेल तर आधण लागल्या लागल्या सांगून ठेवा, कारण ती आधी काढावी लागते. गरम गूळ खाण्याची घाई करू नका, जीभ पोळते ती दिवसभर. गुऱ्हाळावर गेल्यावर रस फुकट पाजतात, तेव्हा निघताना किलो-दोन किलो गूळ विकत घेणं हा साधा रिवाज आहे. गूळ पिवळा धम्मक असेल तर मी तरी घेत नाही. केमिकल मारून रंग काढलेला असू शकतो. तपकिरी बघून घ्यावा.

पुढं इतिहास पावलोपावली आहे, पण पाट्या कमी. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र याच पट्ट्यात. प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारच्या, लोकांनी पगाराची आगगाडी 1943 साली लुटली ती शेणोलीजवळ. कुंडल तर प्रतिसरकारचं केंद्रच. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर घरातलं कुणीतरी त्या भानगडीत होतंच. ताकारीहून नदी ओलांडून बहे इथं नदीतल्या बेटावरचं रामलिंग बघून यायला हरकत नाही. तिथला मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी.

देवराष्ट्र्याला सागरेश्वरची जुनी देवळं आणि शेजारी अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, आणि हे जंगल मुद्दाम झाडं लावून उभं केलेलं. टेकडीवर चढून पश्चिमेला बघितलं की नदीकाठचा हिरवा पट्टा, पूर्वेला बघितलं की माळ. त्या माळातही आता ताकारी योजनेचं उचललेलं पाणी खेळतंय, त्यामुळे जिथं कुसळं होती तिथं ऊस उभा आहे. शेतकऱ्यांचं दुखणं मात्र वेगळं: कुंपणाबाहेर आलेली हरणं कोवळं पीक ठेवत नाहीत.

या माळाकडच्या रानांत शाळू बघायला मिळतो. जानेवारीत कणसं दुधावर येतात, पाखरांच्या झुंडी पडतात, आणि सकाळी सातपासून राखणीच्या माळ्यावर कुणीतरी उभं असतं. एका रानात आजी डबा बडवत होत्या. आम्ही गाडी उभी केली तर त्यांनीच विचारलं, "कुठनं आलासा?" कराड म्हटल्यावर, "मग हुरडा काय नवा न्हाई तुमाला," असं म्हणत तरीही शेणी पेटवल्या. आगटीत कणसं खोचायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि लसणाच्या चटणीबरोबर तोंडात. हल्ली माणशी पैसे घेऊन हुरडा पार्ट्या होतात, झोपाळे नि उंटही असतात म्हणे. ज्याला जायचं त्याने जावं. आजींना पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. आतेभावाने पिशवीतली संत्री नातवंडांसाठी ठेवली, ती चालली. सोबत असं काहीतरी बाळगावं.

तोडलेल्या रानांत धनगरांचे कळप बसलेले दिसतील. मेंढरं रात्रभर रानात बसवली की लेंडीखत आयतं मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा रोख देतो. मात्र कळपाची कुत्री अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. लांबूनच हाक मारा.

पलूसकडून भिलवडीला आलो आणि पूल ओलांडून औदुंबर गाठलं. दत्ताचं स्थान, घाट, आणि पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरीचं देऊळ, तिथं जायला नाव. सदानंद साहित्य मंडळ दरवर्षी मकर संक्रांतीला इथं साहित्य संमेलन भरवतं. साहित्याची आवड असेल तर तारीख त्याच हिशेबाने धरा. गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते, मुक्काम करायचा तर दुसरा वार निवडा.

आता महत्त्वाचं. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात. पाणी कितीही शांत दिसलं तरी गर्दीचा घाट सोडून उतरू नका, पाय धुवायलासुद्धा. एकीला आम्ही पुलावरून पाहिलं. गाळाच्या रंगाची, अजिबात हलत नव्हती. शेजारच्या दादांनी बोट दाखवलं नसतं तर दिसलीही नसती. तसंच कराड, वाळवा, शिराळ्याकडच्या उसात बिबट्याचा वावर आहे. फड तुटत गेले की तो जागा बदलतो. उसाच्या कडेला तंबू ठोकायची हौस करू नये आणि संध्याकाळनंतर पाणंदीने (शेतांमधल्या अरुंद वाटेने) पायी जाऊ नये.

येरळा नदी ओलांडून तासगावात शिरलं की ऊस विरळ होतो आणि द्राक्षांचे मांडव सुरू होतात. तासगावचं गणपती मंदिर त्याच्या दाक्षिणात्य धाटणीच्या गोपुरासाठी बघावं. पटवर्धनांनी बांधलेलं. मग मणेराजुरी, सावळजच्या बाजूला जा. ऑक्टोबरात फळछाटणी झालेल्या बागा जानेवारीपासून तोडीला येतात. तास-ए-गणेश हा वाण याच तालुक्यातला. ढगाळ हवा आली की इथला माणूस झोपत नाही: दावण्या, भुरी हे रोग, मणी तडकणं, एका आठवड्यात वर्षाचं गणित फिसकटतं. म्हणून बागायतदार कमी बोलला तर मनाला लावून घेऊ नका. विचारल्याशिवाय बागेत पाऊल नको आणि फवारणी चालू असेल तर रस्त्यावरूनच पुढं निघा. बेदाण्याचे शेड फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात. जाळीच्या मजल्यांवर घड पसरून पंधरवडाभर सुकवतात. तेवढ्यासाठी यायचं तर आमच्यापेक्षा महिनाभर उशिरा या.

हळदीचंही तसंच. आम्हाला काढणीची नुसती सुरुवात सापडली. पाला वाळून आडवा पडलेला, गड्डे उपटून माती झाडायचं काम बायकांकडं. पुढं शिजवणं, वाळवणं, ड्रममध्ये पॉलिश. हरिपूर सांगलीला लागूनच आहे, कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ तिथं. इथं जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. 2005 च्या महापुराने या पेवांचं मोठं नुकसान केलं आणि आता माल बहुतेक गोदामांत नि कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. गावात विचारलं तर जुन्या पेवांची जागा दाखवतात.

किरकोळ गोष्टी. सकाळी स्वेटर आणि हातमोजे लागतात, दुपारी अंगातला शर्टही जड होतो. मोबाईलचा नकाशा कालव्याकडेची आणि पाणंदीची वाट बिनदिक्कत दाखवतो. रात्री शेतीपंपाची लाईट आली असेल तर कुणीतरी दारं धरलेली (पिकाला पाणी सोडलेलं) असतात, पाणी वाटेवर आलेलं असतं आणि काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्ड सोडवावं लागतं. सरळ समोरून येणाऱ्याला विचारावं. लॉज कराड, पलूस, तासगाव, सांगलीत मिळतात. जेवायला गावातल्या साध्या खानावळीत भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी मागा, दुपारी एकच्या आत, नंतर संपते. गाडी नसेल तर पुणे-मिरज रेल्वे या वाटेला समांतर जाते: शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्टेशनं आहेत, पण लहान स्टेशनांवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक आधी बघा. आणि परतताना गूळ, बेदाणा घ्यायचा तर सांगलीच्या दुकानात घेण्यापेक्षा वाटेतच घ्या, भाव पटतो आणि कुणी केलाय तेही कळतं.