पेट्रोलच्या आकड्यावरून

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बॉम्बर कमांडविषयी, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागाविषयी, जे लिहिले जाते, ते बहुधा रात्रीचे असते: सर्चलाइटचे झोत, विमानविरोधी तोफा, अंधारात पाठलाग करणारी जर्मन लढाऊ विमाने. मला मात्र त्या रात्रीआधीचा दिवस अधिक बोलका वाटतो. १९४३-४४च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात जवळजवळ असलेल्या अनेक तळांवर लँकेस्टर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांच्या स्क्वॉड्रन (तुकड्या) होत्या, आणि तेथे युद्ध मुख्यतः वजन, इंधन आणि घड्याळ यांच्या हिशेबाने चालत असे.

दिवसाची सुरुवात तळावर होत नसे. ती हाय विकमजवळच्या बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात होई. तेथे कमांडचे प्रमुख सर आर्थर हॅरिस सकाळी हवामानाचा अंदाज ऐकून त्या रात्रीचे लक्ष्य ठरवीत आणि आदेश ग्रुप या मधल्या पायरीमार्फत तळांपर्यंत पोहोचे. इकडे वैमानिक आपापली विमाने थोडा वेळ उडवून तपासत आणि तक्रारी घेऊन उतरत. एखादे इंजिन नीट चालत नसे, एखाद्या मशिनगनचा बुरूज अडकत असे. शत्रूच्या एका हल्ल्यात सगळी विमाने एकदम जळू नयेत म्हणून ती मैदानाच्या कडेने विखरून उभी केलेली असत. त्यामुळे दुरुस्तीची पुष्कळशी कामे फिटरना उघड्यावर, उत्तर समुद्रावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात, बधिर झालेल्या बोटांनी करावी लागत. विमान आपले आहे आणि वैमानिक ते रात्रीपुरते उसने नेतात, अशी या मंडळींची भावना असे, आणि त्यांचे काम पाहता ती मला रास्त वाटते.

लक्ष्याचे नाव अर्थातच गुप्त असे. आदेश आला की तळावरून बाहेर जाणारे दूरध्वनी बंद केले जात. पण पेट्रोल भरल्याशिवाय विमान उडणार कसे? लँकेस्टरच्या टाक्यांत एकूण २,१५४ गॅलन पेट्रोल मावत असे आणि साधारणपणे मैलाला एक गॅलन लागत असे. बर्लिनला जाऊन परतायचे म्हणजे सुमारे १,२०० मैल, शिवाय शत्रूला चकवण्यासाठी घेतलेली वळणे वेगळी. भरलेल्या विमानाचे वजन मात्र सुमारे २९ टनांपुढे नेता येत नसे आणि टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले जवळजवळ सात टन पेट्रोलचेच असत. लक्ष्य दूर असले की पेट्रोल वाढे आणि बॉम्ब कमी होत. पश्चिम जर्मनीच्या रूर खोऱ्यातील जवळच्या शहरांसाठी याच्या उलट. त्यामुळे टँकरवाल्याला भरायचा आकडा कळला की आज लांबचा पल्ला आहे हे त्याला समजे, आणि त्या हिवाळ्यात लांबचा पल्ला म्हणजे बहुधा बर्लिन, कारण नोव्हेंबर १९४३ ते मार्च १९४४ या काळात त्या शहरावर पुन्हा पुन्हा मोठे हल्ले झाले. ज्याला जायचे होते त्या वैमानिकाच्या आधी ही बातमी ज्याला कुठेच जायचे नव्हते त्याच्यापर्यंत पोहोचत असे.

बॉम्बचा साठा वस्तीपासून दूर असे. तेथून ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्यांवरून माल विमानापाशी येई. पिंपासारखा दिसणारा १,८०० किलोचा एक बॉम्ब आणि त्याच्यासोबत आग लावणाऱ्या लहान कांड्यांच्या पेट्या, ही नेहमीची जोडी. ट्रॅक्टर अनेकदा महिला सहायक हवाई दलातील मुली चालवत. सगळे चढवून झाल्यावर हवामान बिघडून मोहीम रद्द झाली, तर तेच बॉम्ब पुन्हा उतरवावे लागत. बॉम्ब चढवणाऱ्या आर्मरर मंडळींच्या तोंडच्या शिव्या अशा वेळी कोणत्याही दफ्तरात नोंदल्या गेल्या नाहीत, हे आपले दुर्दैव.

दुपारनंतर सर्वांना एका खोलीत बसवून नकाशावरचा पडदा बाजूला केला जाई आणि लाल फितीने दाखवलेला मार्ग उघड होई. मग अंडे आणि बेकनचे जेवण. सामान्य ब्रिटिश नागरिकाला रेशनवर आठवड्याला जेमतेम एक अंडे मिळत होते, त्या काळात. पुढे पॅराशूट, थर्मासमधली कॉफी, आणि शत्रुप्रदेशात उतरावे लागल्यास उपयोगी पडणारे रेशमी नकाशे. विमानात सात जण असत, पण वैमानिक एकच. त्याला काही झाले तर विमान कसेबसे सांभाळण्याची जबाबदारी बहुधा फ्लाइट इंजिनिअरवर येई. धावपट्टीच्या टोकाला हिरवा दिवा दिसला की एकामागून एक विमाने निघत.

परतल्यावर रम घातलेला चहा आणि गुप्तवार्ता अधिकाऱ्यांचे प्रश्न. बॉम्ब टाकल्यानंतरही छायाचित्रासाठी सुमारे अर्धा मिनिट विमान सरळ रेषेत ठेवावे लागे. सगळ्यांना सर्वांत नकोसे असलेले ते अर्धे मिनिट. खाली जळणारे शहर, त्यातली माणसे, हे सारे स्क्वॉड्रनच्या दफ्तरात त्या एका छायाचित्रापुरतेच येई, आणि तेही नेम किती अचूक होता हे तपासण्यासाठी. या व्यवस्थेच्या कार्यक्षमतेचे कौतुक करताना माझी लेखणी याच ठिकाणी अडखळते.

फळ्यावर परतीच्या वेळेचा रकाना ज्यांच्यासमोर कोरा राही, त्यांचे सामान खोलीतून हलवण्याची व्यवस्थाही ठरलेली होती. ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गकडे ७९५ विमाने निघाली, त्यातली ९५ परतली नाहीत. संपूर्ण युद्धात बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाण कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. एका फेरीत ३० मोहिमा पूर्ण केल्या की विश्रांती मिळे, परंतु तेथवर पोहोचणारे थोडे.

रिकाम्या खाटांवर प्रशिक्षण केंद्रातून नवे सात जण येत. त्यांच्या वैमानिकाला प्रथम एकट्यालाच, अनुभवी चमूच्या विमानात केवळ पाहण्यासाठी पाठवले जाई. ते विमान परतले नाही, तर एकही मोहीम न केलेले उरलेले सहा जण नव्या वैमानिकासाठी पुन्हा प्रशिक्षण केंद्रात रवाना होत.