इंग्रजांच्या ताटाची डावी बाजू

लंडनमध्ये कोणी कोणाला "चल, आज ब्रिटिश खाऊया" असं म्हणत नाही. टर्किश खाऊया म्हणतात, लेबनीज म्हणतात, इंडियन तर रोजचंच, 2001 साली रॉबिन कुक नावाच्या त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यानेच भर भाषणात चिकन टिक्का मसाला हीच आता खरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश आहे असं सांगून टाकलं होतं. त्यांचं स्वतःचं जेवण म्हणजे पबमधलं फिश अँड चिप्स, नाहीतर रविवारी दुपारी आईकडे रोस्ट. आणि तिसरी जागा म्हणजे एखाद्या जुन्या भारी हॉटेलातलं रेस्टॉरंट, जिथे तेच आईकडचं रोस्ट चांदीच्या झाकणाखाली येतं आणि बिल बघून आई आठवते.

भाची तिकडेच नोकरीला आहे, ती म्हणाली मावशी, इंडियन तुम्ही घरी खाताच, मी तुला आणि काकांना खरं इंग्लिश संडे लंच खायला घालते. लंडनच्या मेफेअर या श्रीमंती भागातलं हॉटेल. दारात उंच हॅटवाला दरवान, आत जाड गालिचे, टेबलावर इस्त्रीचा पांढरा कपडा, नॅपकिन इतका कडक की मांडीवर ठेवला तर उभाच राहतो की काय. बोलणं सगळ्यांचं हळू. आमच्या नवऱ्याचा नॉर्मल आवाज तिथे घोषणेसारखा वाटत होता. पाणी साधं की बुडबुड्यांचं असं विचारलं तर भाचीने शांतपणे नळाचं मागितलं, इंग्लंडमध्ये दारूचं लायसन्स असलेल्या जागेला मागितलं की नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, कायदाच आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

आता माझ्या डोक्यात ब्रिटिश जेवण म्हणजे उकडलेलं, फिकं आणि करड्या रंगाचं. हे डोक्यात का बसलंय त्याला कारण आहे. जानेवारी 1940 मध्ये तिकडे रेशनिंग लागलं ते पार जुलै 1954 ला संपलं, युद्ध संपून नऊ वर्षं झाली तरी मटण रेशनवरच. लोणी मोजून, साखर मोजून, अंडी मोजून. त्या काळात संसाराला लागलेल्या बायकांनी काय आणि कसं रांधायचं. त्याच्याही आधीपासून मोठ्या हॉटेलांना स्वतःच्या जेवणाची लाजच होती म्हणा ना. सव्हॉय हॉटेल 1889 ला उघडलं आणि थोड्याच दिवसांत मॅनेजर आणला सीझर रिट्झ, तो स्विस, आणि मुदपाकखान्यात ऑगस्ट एस्कॉफिए, तो फ्रेंच. साहेबाच्या राजधानीत, साहेबाच्या हॉटेलात साहेबाचं जेवण नाही.

सव्हॉयच्या शेजारी स्ट्रँड नावाच्या रस्त्यावरचं सिम्प्सन्स हे रेस्टॉरंट मात्र इंग्लिश जेवणासाठीच प्रसिद्ध झालं. ते 1828 मध्ये सुरू झालं ते मुळात कॉफी पीत, सिगार ओढत बुद्धिबळ खेळायची जागा म्हणून. खेळणाऱ्याला पटावरून उठायला लागू नये म्हणून मांसाचा मोठा तुकडा ट्रॉलीवर ठेवून टेबलापर्यंत ढकलत न्यायचा आणि समोर कापून वाढायचा अशी प्रथा पडली असं सांगतात. बुद्धिबळातला तो अँडरसन आणि किझेरिट्स्कीचा 1851 चा अजरामर डाव तिथलाच. अशी ट्रॉली आमच्याही हॉटेलात होती. घुमटासारखं चांदीचं झाकण सरकवलं की आत बीफ, आम्ही ते खात नाही म्हणून मी लॅम्ब घेतलं, पण कापणाऱ्याचा हात बघण्यासारखा होता. लांब पातळ सुरी, घाई नाही, दाब नाही, एकसारखे काप. लहानपणी आमच्याकडे वड्या पाडताना आजी जशी श्वास रोखून असायची तसा तो.

नवरा शाकाहारी, अंडं चालतं. त्याच्यासाठी नट रोस्ट म्हणजे सुकामेवा, कांदा, पावाचा चुरा वगैरे एकत्र करून भाजलेली जाडजूड वडी. तिथल्या शाकाहाऱ्यांचा रविवार गेली कित्येक वर्षं याच्यावरच निघतोय, आणि शाकाहारी तिकडे काही कालपरवाचे नाहीत, त्यांची व्हेजिटेरियन सोसायटी 1847 ची आहे, गांधीजी लंडनला शिकायला गेले त्याच्याही चाळीसेक वर्षं आधीची. पण खरी मेख बटाट्यांत असते. बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत असे ते सोनेरी रोस्ट बटाटे दिसायला अगदी सात्त्विक, आणि भाजलेले असतात बरेचदा बदकाच्या नाहीतर गाईच्या चरबीत. यॉर्कशायर पुडिंगचंही तेच. भाचीने आधीच फोन करून सांगितलेलं म्हणून वेगळे तेलातले आले. गेलात तर हे विचारा नक्की.

यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं बरं का. अंडं, दूध, मैद्याचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत ठेवायचं, ते टम्म फुगून वाटीसारखं होतं आणि त्या खोलगट भागात ग्रेव्ही ओतायची. पूर्वी सळईवर मांस फिरत असायचं आणि त्याखालच्या तव्यात गळणाऱ्या चरबीत हे पीठ भाजलं जायचं, हॅना ग्लास बाईंच्या 1747 च्या पाकपुस्तकात आहे ते. यॉर्कशायरमध्ये मांसाच्या आधीच हे वाढत, पोरांची पोटं पिठाने भरली की महागाचं मांस पुरवठ्याला येतं. गरिबीची युक्ती ती, आता चांदीच्या ताटात. आणि 2008 मध्ये त्यांच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं की चार इंचापेक्षा बुटकं असेल तर ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. शास्त्रज्ञांना वेळ असतो कधीकधी.

तर जेवण. लॅम्ब मऊ, रसाळ, उत्तम शिजलेलं, पण मीठ-मिरपूड सोडून त्यात काही नाही. गाजर गाजरासारखं लागतं, कोबी कोबीसारखा. दोन घास झाले आणि नवरा माझ्याकडे बघायला लागला, त्या बघण्याचा अर्थ मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहितीये, चटणी कुठाय. आणि तेवढ्यात वेटरने छोट्या छोट्या वाट्या मांडल्या. एकात पुदिन्याचा सॉस, व्हिनेगर आणि साखर घातलेला. एकात लाल करंट नावाच्या आंबट फळांची जेली. इंग्लिश मोहरी, पिवळीधमक. पांढरं क्रीमसारखं काहीतरी. आणि हळदीच्या रंगाचं फ्लॉवर, छोटे कांदे, काकडी घातलेलं पिकलिली.

मला एकदम लख्ख दिसलं की ही यांची डावी बाजू आहे! आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे असतं आणि ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने लावून घ्यायचं, पण आपण तेवढ्यावर थांबत नाही, उजवीकडची भाजी-आमटीसुद्धा फोडणी देऊन वर गोडा मसाला घालून तयार करतो. यांनी उजवी बाजू कोरी ठेवलीये आणि सगळा जाळ डावीकडे ढकललाय. म्हणजे जेवण फिकं नसतं, खाणारा ते फिकं खातो. सॉस न लावता तोंड वाकडं करणारे आपले लोक म्हणजे नुसता वरणभात खाऊन मराठी जेवण बेचव म्हणणाऱ्यांतले.

नवऱ्याने ते पांढरं म्हणजे दही समजून चमचाभर नट रोस्टवर घेतलं आणि तोंडात टाकलं. हॉर्सरॅडिश. मुळाच असतो तो एक, किसला की झणका सुटतो, आणि तो जिभेवर थांबत नाही, नाकातून थेट मेंदूत. डोळ्यांतून पाणी. त्या शांत हॉलमध्ये तो पुटपुटला, "अगं, फेसलेली मोहरी आहे ही!" आणि बरोबरच होतं, मोहरी आणि हॉर्सरॅडिश एकाच कुळातले, झणका आणणारं तेलही तेच. त्यानंतर गडी रंगात आला. ती वाटी त्याने संपवली, दुसरी मागवली. वेटर अदबीने म्हणाला की ते बीफबरोबर घेतात, नवरा म्हणाला ओके आणि बटाट्याला लावलं.

आणि त्या डाव्या बाजूत आपलं किती सामान आहे बघा. पिकलिलीत हळद आणि मोहरी, अठराव्या शतकातल्या कृतींमध्ये त्याला इंडियन पिकलच म्हणायचे. वूस्टर सॉस, 1837 पासून बाटलीत विकतात, त्यात चिंच असते. त्याच हॅना बाईंच्या त्याच पुस्तकात यॉर्कशायर पुडिंगबरोबर हिंदुस्थानी पद्धतीची करीसुद्धा आहे, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच घरात. मसाला यांना आवडत नव्हता असं नाही, फक्त तो मांसात न शिजवता शेजारी बसवला.

शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग, खजुराचा मऊ केक आणि वर कढत टॉफी, बरोबर मोठा जग भरून कस्टर्ड. गरम! आपल्याकडे कस्टर्ड म्हणजे फ्रीजमधलं, त्यात केळी-सफरचंद-डाळिंब, पाहुण्यांसाठी. पावडर मात्र मूळची यांचीच, अल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून त्याने 1837 मध्ये बिनअंड्याची केली, आणि अंडं न खाणाऱ्या आपल्या घरांना ती आयतीच सोयीची पडली, पुण्यात वीकफिल्ड 1956 पासून आहेच. इंग्रजांचं सगळ्यात जास्त मराठी घरांत पोचलेलं पक्वान्न बहुतेक हेच असावं.

बिलात बहुतेकदा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, वर परत टिप ठेवायची गरज नाही, भाचीने वेळेवर नवऱ्याचा हात धरला.

एकच गोष्ट मला पटली नाही. शेजारच्या टेबलावर चिकनबरोबर ब्रेड सॉस होता, आग्रहाने आम्हालाही चाखायला दिला. लवंगा टोचलेला कांदा दुधात उकळायचा आणि त्यात पावाचा चुरा. मध्ययुगापासून चालत आलेला प्रकार आहे म्हणे. असेल. आमच्याकडे असलं काही फक्त ताप उतरत असताना देतात, आणि तेव्हाही वर साखर घालतात.