पॉलिश पेपर खिशात

माझी दहावी १९८९ची, टेक्निकलची तुकडी. आज देवगड बंदराजवळ माझा लेथ (जॉब म्हणजे कातायचा तुकडा गरगर फिरवून टूलने कातणारं यंत्र) आहे, कामं बहुतेक होड्यांचीच. शाळा म्हटलं की कुणाला गॅदरिंग आठवतं, मला वर्कशॉपमधला ग्राइंडर आठवतो.

लोखंडाचे जॉब हाताखालून गेल्यावर वर्कशॉपच्या सरांनी एकदा नायलॉनचा रॉड दिला. मऊ माल, लोण्यासारखा कापला जाईल म्हणून मी लोखंडावर चाललेलंच टूल लावलं. जॉबवर नुसत्या झिपऱ्या! गपचूप पॉलिश पेपर काढला, तर तो आणखीच केसाळ झाला. मागून आवाज आला, "मेल्या, नारळ सोलतंस काय?"

सरांनी पेपर माझ्या खिशात परत कोंबला आणि दोन तास फक्त धार लावायला बसवलं. एच.एस.एस.चं (हायस्पीड स्टीलचं) टूल, वरून चांगला उतार, खाली मोकळीक, टोकाला किंचित गोलाई, आणि मग ऑइलस्टोन. नखावर टेकवलं की घसरता कामा नये, रुतलं पाहिजे. त्यानंतर घेतलेल्या कटाला शिरवाळ्यासारखी अखंड चीप सुटली आणि खाली शहाळ्यातल्या मलईसारखं गुळगुळीत अंग निघालं. चीप चकभोवती (जॉब पकडणाऱ्या जबड्याभोवती) गुंडाळायला लागली तसा मी हात घातला. सरांनी आधी लेथ बंद केला, मग माझा कान धरला. चीप आकड्याने ओढायची, तीही लेथ थांबल्यावर.

शेवटचा कट कागदाएवढा घ्यायचा, हा माझा समजही त्यांनीच मोडला. इतक्या बारीक कटाला टूल कापत नाही, घासतं; आणि प्लास्टिकमधून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. गरम जॉबला मायक्रोमीटर लावलेला तर त्यांना खपायचाच नाही. ५० मि.मी.चा नायलॉन २० अंशांनी तापला की सुमारे ०.०८ मि.मी. वाढतो. (आता टूलच्या टोकाला बसवायच्या कार्बाइडच्या टिपा आल्या. लोखंडाच्या टिपा इथे बोथटच वाटतात, ॲल्युमिनियमच्या चकचकीत टिपा मात्र छान चालतात.)

धंद्यातल्या पहिल्याच पावसाळ्यात एका लाँचच्या शाफ्टला (पंखा फिरवणाऱ्या दांड्याला) नायलॉनचा बुश केला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळकांडी. फिनिश आरशासारखं, फिटिंग पितळी बुशासारखं नेमकं. होडी पाण्यात गेली आणि थोड्याच दिवसांत शाफ्ट जाम. तांडेल जे बोलला ते शाळेच्या या स्मरणिकेत छापता येणार नाही. तसाच सरांच्या घरी गेलो. ते ओटीवर बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "सुको बोंबील भिजत घातल्यार फुगता मां?"

नायलॉन पाणी पितो. पूर्ण मुरला तर वजनाच्या ८-९ टक्के. बाहेरून नळीत आवळलेला बुश फुगणार कुठे? आतल्या भोकातच. हल्ली मी रफ टर्निंग (ढोबळ कातकाम) करून बुश काही आठवडे बादलीत बुडवून ठेवतो, फिनिश कट त्यानंतर, आणि मोकळीक पितळेपेक्षा जास्त. बादलीत डोकावून गिऱ्हाईक विचारतं, "कालवण कधी?"

सरांनी शाळेत त्या दिवशी माझ्याकडून धार लावून घेतलेलं टूल घासून घासून बोटाएवढं उरलंय. ते मी लोखंडाला लावत नाही.